अनामत

निवडणुकीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात कोपऱ्यात एक चौकट असते. अमुक मतदारसंघात इतके उमेदवार उभे होते, त्यांपैकी इतक्यांची अनामत जप्त झाली. वाचणारा गालात हसतो, 'काय गरज होती याला उभं राहायची?' असे म्हणतो आणि पान उलटतो. आम्हाला वाटते, विषय तिथे संपत नाही. तिथून तो सुरू होतो.

अनामत हा शब्द मराठीत आला तो अरबी-फारसीच्या वाटेने. मूळ शब्द अमानत. कुणी विश्वासाने आपल्याजवळ ठेवायला दिलेली वस्तू म्हणजे अमानत. आमच्या घरांत हा शब्द लहानपणापासून कानांवर पडतो. शेजारीण हजला जाताना दागिने ठेवून गेली तर ती अमानत, मरणाऱ्याने सांगून ठेवलेला निरोप हीदेखील अमानत. अमानत परत करायची असते, जप्त करायची नसते. निवडणुकीच्या कायद्यात मात्र हा शब्द आला आणि त्याच्यामागे 'जप्त' असा कायमचा शेपटा लागला. लोकसभेसाठी पंचवीस हजार रुपये, विधानसभेसाठी दहा हजार, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना त्याच्या निम्मे. निवडून न आलेल्या उमेदवाराला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते मिळाली नाहीत तर ही रक्कम सरकारजमा होते.

आमच्यापुढचा प्रश्न असा. आपण हरणार हे पक्के ठाऊक असलेला माणूस उभा राहतो, तेव्हा तो नैतिकदृष्ट्या काय करीत असतो? तो वेडा असतो, ढोंगी असतो, की बरोबर असतो? आणि तो ज्या गोष्टीविरुद्ध उभा आहे ती गोष्ट बहुतेकांना हवीहवीशी असेल, तर? समजा, तो रेल्वेच्या नव्या मार्गाविरुद्ध उभा आहे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, जिथे रेल्वेची वाट पाहण्यात पिढ्या गेल्या, तिथे.

या जिल्ह्याचे आणि रेल्वेचे नाते आधी सांगायला हवे. यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी नॅरोगेज गाडी इंग्रजांच्या काळात सुरू झाली. लोकांनी तिला शकुंतला हे लाडाचे नाव दिले. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे नेणे हे तिचे मूळ काम. रूळ एका खासगी इंग्रजी कंपनीचे, आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे ते तसेच राहिले. रेल्वे सरकारची आणि रूळ कंपनीचे, असा तो चमत्कारिक संसार होता. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालली, नंतर डिझेलवर, आणि २०१० च्या दशकात तिच्या फेऱ्या थांबल्या. म्हणजे ज्या जिल्ह्यातून कापूस नेण्यासाठी शतकापूर्वी रूळ आले, त्याच जिल्ह्यातल्या माणसाला साध्या गाडीसाठी धामणगाव, वर्धा किंवा नागपूर गाठावे लागले.

वर्धा-यवतमाळ-नांदेड हा ब्रॉडगेज मार्ग २००८-०९ च्या सुमारास मंजूर झाला. लांबी सुमारे २८४ किलोमीटर. वर्ध्याहून देवळी, कळंब, यवतमाळ, मग दिग्रस, पुसद, उमरखेड असे करीत नांदेड. वर्धा ते कळंब एवढा पहिला टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. मंजुरीनंतर सोळा वर्षे गेली होती, आणि तेव्हाही मोठा भाग कागदावर, मोजणीत आणि मातीकामात होता.

आमची आर्णी या मार्गावर नाही. आम्ही अरुणावतीच्या काठचे, बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्याच्या यात्रेसाठी ओळखले जाणारे, नागपूर-तुळजापूर महामार्गावरचे गाव. पण यवतमाळला गाडी आली तर तिचा उपयोग आम्हालाही आहे. सेवाग्रामच्या आणि सावंगीच्या दवाखान्यांत आमच्या तालुक्यातले किती आजारी रात्री-बेरात्री खासगी गाड्या करून जातात! शिकायला नागपूर-पुण्याला जाणारी पोरे, कामाला मुंबई-सुरतेकडे जाणारे मजूर, या सगळ्यांना गाडी हवी. म्हणून आधीच स्पष्ट करतो की आम्ही रेल्वेच्या बाजूचे आहोत. कुणी 'रेल्वे नकोच' म्हणून उभा राहिला तर आम्ही त्याला मत देणार नाही. आणि तरीही त्याने उभे राहावे, असे आमचे म्हणणे आहे. या दोन वाक्यांत विरोध नाही, हे दाखवण्यासाठी हा लेख.

रूळ वावरातून जातो तेव्हा काय होते हे गावाबाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. त्याला वाटते, दोन एकर गेले, दोन एकरांचे पैसे मिळाले, हिशेब मिटला. पण वावर म्हणजे नुसते क्षेत्रफळ नसते. विहीर एका अंगाला राहते आणि पऱ्हाटी दुसऱ्या अंगाला. मधे भराव. पाइप न्यायचा तर परवानगी. पांदण तुटते, बंडी किंवा ट्रॅक्टर दूरच्या फाटकाने किंवा पुलाखालून वळसा घालून न्यावा लागतो, आणि पावसाळ्यात त्या पुलाखाली पाणी साचते. भरावाने नाल्याची वाट अडली तर ज्याची गुंठाभर जमीन गेली नाही त्याचीही तूर पाण्यात बसते, आणि भरपाईच्या यादीत त्याचे नाव नसते. धुऱ्याच्या कोपऱ्यात उरलेला त्रिकोणी तुकडा ना कसता येतो, ना विकता येतो. उलट जिथे स्टेशनची जागा ठरते तिथल्या जमिनीचे भाव चढतात. ज्याच्या वावरावर रेषा पडली त्याने काही गुन्हा केलेला नसतो, आणि ज्याच्या वावराशेजारी स्टेशन आले त्याने काही पुण्य केलेले नसते. चढ, उतार आणि वळण पाहून अभियंत्याने रेघ ओढलेली असते. तीही बहुधा योग्यच असते. तरीही एकाच्या वाट्याला ओझे येते आणि दुसऱ्याच्या वाट्याला लाभ.

आता लोकशाहीचे गणित पाहा. रेल्वे ही रेषा आहे आणि मतदारसंघ हे वर्तुळ. २८४ किलोमीटरची ही रेषा वर्धा, यवतमाळ-वाशीम, हिंगोली आणि नांदेड अशा चार लोकसभा मतदारसंघांतून जाते. प्रत्येक वर्तुळात तिच्या काठचे लोक मूठभर, आणि वर्तुळातले बाकीचे लाखो मतदार गाडीची वाट पाहणारे. रेषेवरच्या सगळ्यांना एकत्र केले तर कदाचित एक मोठा आवाज होईल, पण निवडणुकीत ते कधीच एकत्र मोजले जात नाहीत. म्हणून रेषेवरचा उमेदवार हरतो तो त्याचे म्हणणे खोटे असते म्हणून नव्हे. त्याचे म्हणणे खरे असले तरी तो हरणारच असतो. त्याच्या पराभवातून त्याच्या प्रश्नाविषयी काहीही सिद्ध होत नाही. हे एकदा समजले की त्या चौकटीकडे पाहून हसू येत नाही.

उलट उदाहरणही आपल्यासमोर आहे. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाची रेषाही आमच्या जिल्ह्यातून जाते. त्याला सर्वांत संघटित विरोध झाला कोल्हापुरात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तो विरोध जाणवला, आणि त्याच वर्षी विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर कोल्हापूर जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने प्रकल्प पुन्हा पुढे नेला, ही गोष्ट वेगळी. पण अर्थ लक्षात येतो. जिथे रागाची मते दाट असतात तिथे रेषा वाकते किंवा निदान थांबते. जिथे ती विरळ असतात तिथे ती सरळ जाते. हा न्याय नव्हे, हे फक्त वजन आहे.

कुणी म्हणेल, हरकत घ्यायला निवडणूकच कशाला? कायदा आहे, सुनावणी आहे, कोर्ट आहे. आहेत खरे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खासगी प्रकल्पासाठी ऐंशी टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी सत्तर टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक केली. सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला ती अट नाही. शिवाय रेल्वे कायदा आणि राष्ट्रीय महामार्ग कायदा हे त्याच्या चौथ्या अनुसूचीत ठेवले. २०१५ पासून त्या कायद्यांखालच्या संपादनालाही नव्या कायद्याची भरपाई आणि पुनर्वसन लागू झाले, पण सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि संमती यांतून सूट राहिली. म्हणजे 'किती' हे विचारायची मुभा आहे, 'का' आणि 'कुठून' हे विचारायची जागा फार अरुंद आहे. सुनावणीत कास्तकार एकटा असतो. समोर अधिकारी, मधे टेबल, आणि बोललेले कागदावर येईल ते अधिकाऱ्याच्या शब्दांत.

इतरत्र प्रश्नच मतपेटीत टाकायची सोय असते. अमेरिकेतील फिनिक्स शहरात शहरी लाइट रेल्वेचा विस्तार थांबवावा की नाही, यावर ऑगस्ट २०१९ मध्ये मतदान झाले. दक्षिण भागात रस्त्याकाठच्या दुकानदारांच्या तक्रारीतून ही मोहीम उभी राहिली होती. विरोधक मोठ्या फरकाने हरले आणि रेल्वे पुढे गेली. पण त्यांचा प्रश्न विचारला गेला आणि मोजला गेला. सिएटलच्या परिसरात नोव्हेंबर २०१६ मध्ये तीन जिल्ह्यांनी मिळून रेल्वेविस्ताराच्या कराला मंजुरी दिली. त्यांपैकी पिअर्स जिल्ह्याचा कौल नकाराचा होता, तरी एकत्र बेरजेत होकार झाला आणि कर त्यांच्यावरही बसला. म्हणजे वर्तुळ कुठे आखायचे हा पेच तिथेही आहे. जनमत हे काही रामबाण औषध नव्हे. पण तिथल्या नकाराला निदान स्वतःचा आकडा आहे.

आपल्याकडे असे काहीच नाही असेही नाही. दारूचे दुकान बंद करायचे की नाही यावर गावातल्या बाया 'उभी बाटली, आडवी बाटली' असे मत देतात, आणि निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी बाटली आडवी केली तर दुकान बंद होते. २१ सप्टेंबर २००८ रोजी रायगडच्या पेण भागात बावीस गावांतल्या शेतकऱ्यांचे सेझविषयीचे मत सरकारनेच घेतले होते, आणि तो सेझ पुढे उभा राहिला नाही. २०१३ मध्ये ओडिशातल्या नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला, तो सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने घेतलेल्या सभांमध्ये. बाटलीविषयी गावाला विचारता येते, तर रुळाविषयी का नाही, हा प्रश्न आम्हाला रास्त वाटतो. पण जोपर्यंत ती सोय नाही, तोपर्यंत आपल्या मतदान यंत्रावर प्रश्न छापले जात नाहीत, फक्त नावे छापली जातात. मग ज्याला आपला प्रश्न तिथे छापून हवा आहे त्याने काय करावे? त्याने स्वतःचे नाव द्यावे. प्रश्नाला नाव नसते म्हणून माणूस आपले नाव प्रश्नाला उसने देतो. 'नोटा'चे बटण २०१३ पासून आहे. पण ते सगळ्या नावांना नाही म्हणते, कुठल्याच प्रश्नाविषयी काही सांगत नाही.

या मार्गाचा आपल्या देशात इतिहास आहे. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगावात साडेचारशेहून अधिक उमेदवार होते. सीमाभागातल्या मराठी माणसांनी आपला प्रश्न दिल्लीला दिसावा म्हणून घाऊक अर्ज भरले होते. त्याच वर्षी आंध्रातल्या नलगोंड्यात ४८० उमेदवार होते, पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडने हाडे वाकत होती म्हणून. तमिळनाडूतल्या मोडकुरिची विधानसभा मतदारसंघात १०३३ उमेदवार होते, त्यांत बहुसंख्य शेतकरी. मतपत्रिकेचे पुस्तक झाले.

सरकारने यावर काय उत्तर दिले? त्याच वर्षी कायदा बदलला. लोकसभेची अनामत पाचशेवरून दहा हजार झाली, विधानसभेची अडीचशेवरून पाच हजार. मान्यताप्राप्त पक्षाचा नसलेल्या उमेदवाराला एकाऐवजी दहा सूचक लागू लागले. पुढे २००९ मध्ये रकमा आणखी वाढून आजच्या झाल्या. १९९६ च्या बदलातली आणखी एक तरतूद आहे. मतदानाआधी मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार मरण पावला तर निवडणूक पुढे ढकलली जाते, अपक्ष मरण पावला तर नाही. या तरतुदींमागे व्यवहाराची कारणे आहेत, आम्ही ती नाकारत नाही. हजार नावांची मतपत्रिका कुणालाच वाचता येत नाही. पण बेळगावच्या, नलगोंड्याच्या आणि मोडकुरिचीच्या माणसांनी प्रश्न विचारला होता, आणि उत्तर मिळाले ते प्रश्न विचारण्याचा दर वाढवून.

दर वाढला तरी माणसे थांबली नाहीत. २०१९ मध्ये आमच्या शेजारच्या तेलंगणात, निजामाबादला, १८५ उमेदवार होते, त्यांपैकी १७८ शेतकरी. मागणी हळद मंडळाची आणि भावाची. एकेका केंद्रावर यंत्राचे बारा-बारा भाग जोडावे लागले. शेतकऱ्यांपैकी कुणीच निवडून आले नाही, पण मुख्यमंत्र्यांच्या कन्या आणि विद्यमान खासदार के. कविता यांचा पराभव झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय हळद मंडळाची अधिसूचना काढली आणि २०२५ मध्ये त्याचे मुख्यालय निजामाबादलाच सुरू झाले. हे केवळ त्या १७८ अर्जांमुळे झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या अर्जांनंतर हळदीचा प्रश्न कुणाला टाळता आला नाही, एवढे नक्की. दुसरीकडे बेळगावचा प्रश्न तसाच आहे. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आणि त्यालाही दोन दशके उलटली. म्हणजे हरणाऱ्याचा प्रश्न शेवटी जिंकतोच, असा नियम नाही. फळाच्या भरवशावर या कृतीचे समर्थन करता येत नाही. ते दुसऱ्या कशावर तरी करावे लागते.

त्याच २०१९ मध्ये आमच्या यवतमाळ-वाशीम मतदारसंघात वैशाली येडे उभ्या होत्या. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर संसार ओढणाऱ्या या बाईंनी त्याच वर्षी जानेवारीत यवतमाळच्या मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले होते, नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्यानंतर. मग 'प्रहार'ने त्यांना लोकसभेची उमेदवारी दिली. त्यांना वीस हजारांच्या आसपास मते मिळाली आणि अनामत गेली. वीस हजार माणसे उन्हात रांगेत उभी राहिली आणि हरणार हे ठाऊक असलेल्या नावापुढचे बटण त्यांनी दाबले. त्यांना कुणी मूर्ख म्हणू शकेल काय? आम्ही म्हणू शकत नाही.

आता आक्षेप. पहिला आक्षेप सर्वांत जुना आहे, मते फोडण्याचा. तू जिंकणार नाहीस, पण तुझ्यामुळे नको तो जिंकेल. हा आक्षेप आमच्या समाजाला पाठ आहे. मुसलमान नावाचा अपक्ष उभा राहिला की त्याला कुणी उभे केले, किती घेऊन उभा राहिला, हेच पहिले दोन प्रश्न असतात. हे प्रश्न निराधार असतात असे नाही. माघारीच्या दिवसाचा बाजार सगळ्यांनी पाहिला आहे, आणि नावाच्या जोरावर मते कापण्यासाठी उभी केलेली प्यादी आपल्यातूनही निघतात. पण यातून एक अन्याय होतो, तो बोलला जात नाही. रूळ रहीमच्या वावरातून जातो तसाच रामरावच्याही वावरातून जातो. रामराव त्याविरुद्ध उभा राहिला तर तो शेतकरी उमेदवार. रहीम उभा राहिला तर तो मते कापणारा. त्याचे वावर कुणाला दिसत नाही, त्याचे नाव दिसते. आपण ज्याला राखीव मतांचा गठ्ठा समजतो, त्याला विहीर असते, नाला असतो, सोयाबीन असते आणि त्याविषयीचे मत असते, हे आपल्याच पुढाऱ्यांनाही आठवत नाही. म्हणून मतविभाजनाच्या भीतीला आम्ही अंतिम शब्द मानत नाही. ती एक जोखीम आहे, तिचे वजन करावे. जिथे खरोखरच दोन-चार हजार मतांनी मोठे अनिष्ट घडणार असेल, तिथे उभे न राहणे हाही शहाणपणा आहे. पण दर वेळी, दर ठिकाणी, नेमक्या दुबळ्यालाच 'या खेपेला थांब' म्हणून सांगितले जात असेल, तर त्याने थांबायचे किती खेपा?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लाखोंचे भले होणाऱ्या कामात एकाने आडवे का यावे? आडवे येणे आणि हिशेब मागणे यांत फरक आहे. कर सगळ्यांवर नियमाने बसतो, म्हणून तो सोसवतो. इथे कर बसतो तो वळणावर. मूठभर लोक देतात आणि लाखोंना मिळते, तर निदान ते कुणी दिले याची नोंद लाखोंनी ठेवावी. जे देणाऱ्याने मनाने दिले ते दान. जे घेतले गेले त्याला दान म्हणून गौरवणे ही देणाऱ्याची थट्टा आहे. उमेदवार उभा राहतो तेव्हा निदान हे उघड होते की इथे दान झालेले नाही, घेणे झाले आहे. गाडी येऊ नये असे आम्हाला वाटत नाही. पण पहिल्या गाडीला फुले बांधताना कुणाची विहीर भरावाच्या पलीकडे राहिली हे ठाऊक नसणे, हे आम्हाला शोभत नाही.

मात्र हरण्यासाठी उभे राहणाऱ्यावरही बंधने आहेत. हरणार म्हणून त्याची जबाबदारी कमी होत नाही. उलट ती वाढते, कारण निवडून आल्यावर कामाने सिद्ध करण्याची संधी त्याला नाही. त्याच्याजवळ शब्दाशिवाय काही नाही. म्हणून तो शब्द स्वच्छ हवा. त्याने मतदाराला सांगावे की मी जिंकणार नाही, तरी मत द्या, आणि का द्या. खोटी आशा विकून घेतलेले मत ही चोरी आहे. त्याने समोरच्याचे खरे तेही सांगावे, की रेल्वेने आजाऱ्याची सोय होईल आणि पोरांचे शिक्षण सुकर होईल. आपल्या विरुद्ध जाणारे सत्य जो लपवतो त्याची साक्ष कुठल्याही पंचायतीत टिकत नाही. त्याने 'नको' एवढ्यावर थांबू नये. नाल्यावर मोरी कुठे हवी, पांदण कुठून जोडावी, उरलेला तुकडा सरकारने घ्यावा का, हे आकड्यांनी आणि नकाशाने सांगावे. माघारीची किंमत घेऊ नये, हे तर सांगायलाच नको. आणि निकालानंतर गाव सोडू नये. प्रश्न वावरात असतो, मतमोजणीच्या मांडवात नसतो.

इतके जो पाळतो, त्याच्या पंचवीस हजारांना आम्ही जप्त झालेली रक्कम मानत नाही. ती त्याने आपल्यापाशी ठेवलेली अमानत आहे. सरकार पैसे घेऊन मोकळे होते. पैशाबरोबर ठेवलेला प्रश्न मात्र सरकारजमा होत नाही, तो आपल्याकडे राहतो. निवडून आलेल्याकडे तर राहतोच, कारण तो आता त्याला मते न देणाऱ्यांचाही प्रतिनिधी असतो. आणि आमच्यासारख्यांकडेही राहतो, ज्यांचे वावर गेले नाही, ज्यांनी त्याला मतही दिले नाही आणि जे गाडीत बसणार आहेत.

आर्णीकरांना या प्रश्नात एक वेगळे स्थान आहे, असे आम्हाला वाटते. नकाशावर ही रेषा आमच्या शेजारून जाते. आमची जमीन तिच्यात जात नाही, आणि स्टेशनही आमच्या दारात येत नाही. विधानसभेचा आमचा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे आणि लोकसभेला आम्ही चंद्रपुरात मोजले जातो. म्हणजे रेषेवरच्या उमेदवाराला आमचे मत मिळण्याची सोयच नाही. गावात भांडण लागले की पंच म्हणून अशाच माणसाला बोलावतात, ज्याचा धुरा कुणाच्याच धुऱ्याला लागून नसतो. पंचाने करायचे ते एवढेच, की दोघांचे ऐकायचे. गाडीची वाट पाहणाऱ्यांचे आम्ही ऐकतोच, कारण ते आम्हीच आहोत. दुसऱ्याचे ऐकायचे तर यवतमाळ-दिग्रस-पुसदच्या पुढच्या निवडणुकीत उमेदवारांच्या यादीत खालच्या बाजूला, कपबशी किंवा शिट्टीसमोर जे अनोळखी नाव असेल, त्याचे पत्रक फेकून न देता वाचायचे. त्यात बाजारू बडबड असेल तर ती चटकन कळते. आणि विहिरीचा, नाल्याचा, पांदणीचा हिशेब असेल, तर तो हिशेब निवडून आलेल्याच्या दारात नेऊन ठेवायचे काम आपले.